मचूळ

आमच्या नात्यागोत्यात वाइनचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. कुणाच्या तरी मुलानं आणलेली बाटली टेबलावर असते आणि एखादी वहिनी म्हणते, "भाऊजींना विचारा, त्यांना कळतं त्यातलं." मग मी पेला दिव्यासमोर धरतो, डोळे किंचित मिटतो आणि गंभीरपणे मान हलवतो. यापलीकडे मला त्यातलं काहीही कळत नाही. उभ्या आयुष्यात मी वाइन मन लावून प्यायलो ती फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या माणसाच्या वतीनं. पहिल्या वेळी मी एकच शब्द बोललो, आणि त्या शब्दापायी एक उभी बाग मुळासकट निघाली. दुसऱ्या वेळी मी काही बोललोच नाही.

तो दुसरा माणूस म्हणजे दगूमामा. माझ्या बायकोचे, सुनंदाचे, सख्खे मामा. मूळ नाव दगडू. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून यांचं नाव दगडू ठेवलं. दगडाकडे यम कशाला वळून बघेल, असा साधा विचार. तो विचार चांगला सत्तरीपर्यंत टिकला.

दिंडोरीच्या पुढे, कादवेच्या काठाला त्यांचं रान. मामा ठेंगणे, रुंद खांद्यांचे. पांढरा सदरा, टोपी, गळ्यात तुळशीची माळ, कमरेला चामड्याच्या पिशवीत छाटणीची कात्री. चालताना दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले. मला आधी वाटलं, ऐट असेल. एकदा विचारलं तर म्हणाले, "मोकळे सोडले की झाडाला काहीतरी करून बसत्यात. धरून ठिवलेले बरे."

त्यांची माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मंडपात मी मुंडावळ्या सावरत बसलेलो, तर हा गृहस्थ आला, माझं मनगट अंगठा आणि बोटात धरलं, जरासं वाकवून पाहिलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाला, "काडी हिरवी हाय अजून." मला काहीच कळलं नाही. मी हसून नमस्कार केला. सुनंदानं याचा अर्थ मला वर्षभरानं सांगितला, तोही एका भांडणात. द्राक्षाची काडी पिकून तपकिरी, टणक झाली तरच तिला माल लागतो. हिरवी काडी दिसायला छान, पण तिच्यावर भरवसा ठेवायचा नसतो.

मी मूळचा सटाण्याचा. ओझरच्या कारखान्यात तपासणी विभागात कामाला होतो. विमानाचे रिव्हेट तपासायचो. हजारो रिव्हेट पाहिले, विमानात मात्र आजतागायत बसलो नाही. आमच्या घरी आई-वडील अहिराणी बोलत, याचं मामांना फार कौतुक. मी स्कूटर लावतोय तोच ओट्यावरून हाक यायची, "काय शे, जावई?" मी म्हणायचो, "बरं शे, मामा." एवढी दोन वाक्यं झाल्याशिवाय मामी पाण्याचा तांब्या बाहेर आणत नसत.

नव्वदच्या सुमाराला आमच्याकडे चांगला बागायतदार म्हणजे ज्याचा मणी मोठा तो. दगूमामांचा मणी गोटीएवढा असे. त्यासाठी घड कोवळे असताना औषधाच्या पाण्यात बुडवावे लागतात, एकेक घड, हातानं. मामा त्याला 'अंघोळ' म्हणत. त्यांचा स्वतःचा एक पोचे आलेला जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, मग होता. मांडवाखाली उभं राहून ते तो मग वर धरायचे, घड त्यात अलगद बुडवायचे, बाहेर काढून हलकेच झटकायचे. मांडवातून झिरपणारा हिरवा उजेड त्यांच्या टोपीवर हलत असायचा, आणि तान्ह्या पोराच्या टाळूवरचं पाणी निथळू द्यावं तसे ते घडाकडे बघत उभे राहायचे. मी पाहुणा, जावई, खाटेवर लवंडलेला. मला त्या उजेडात झोपच यायची. आजही डोळे मिटले की आधी तो हिरवा उजेड येतो, मग मामा.

मग एक दिवस वाइन कंपनीची गाडी आली. त्यांना वाइनच्या द्राक्षाची लागवड करणारे बागायतदार हवे होते. मामांना नवं झाड दिसलं की राहवायचं नाही. ते हो म्हणाले. मामींनी आकाशपाताळ एक केलं.

"गळ्यात माळ आन् रानात दारू?"

"दारू नाय लावत, द्राक्ष लावतोय. कापूस पिकवणाऱ्यानं लोकं काय घालून हिंडतात ते बघत बसायचं का?"

"नागवी हिंडत असली तर बघायचं," मामी म्हणाल्या.

पण लागवड झाली. त्या जातीचं नाव शेनीन असं काहीतरी होतं. मामींनी पहिल्याच दिवशी तिचं 'शेणीन' करून टाकलं आणि शेवटपर्यंत तेच चालवलं. मामांनी तिला नदीकाठची काळीभोर, मळईची, घरातली सगळ्यात चांगली जमीन दिली. नवी सून घरात आली की तिला पहिल्या पंगतीला बसवावं, तसं. भरपूर शेणखत घातलं, भरपूर पाणी दिलं, आणि पहिला माल धरला तेव्हा जर्मनचा मग घेऊन एकेक घडाला अंघोळ घातली.

कंपनीकडून नीलिमा मॅडम नावाच्या बाई बागा बघायला यायच्या. तिशीतल्या, बारीक, उन्हानं रापलेल्या, पायात पुरुषी बूट. त्या दिवशी त्यांनी घड हातात घेतला आणि मटकन बांधावर बसल्या.

"मामा, एवढा मणी कुणी केला?"

"म्या केला. अंघोळ घातली," मामा अभिमानानं म्हणाले.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "हिला अंघोळ नको असते हो. वाइनचा मणी बारीक पाहिजे. साल जाड, रस थोडा. मणी जेवढा लहान तेवढी चव दाट."

मामांना ते पटेना. आयुष्यभर ज्या माणसानं मणी फुगवण्यात नाव काढलं, त्याला कुणीतरी सांगत होतं की फुगवलास हेच चुकलं. ते म्हणाले, "म्हंजे पोराला उपाशी ठिवायचं?"

"उपाशी नाही. अर्धपोटी."

त्या वर्षी ते मणी फुगता फुगता एकमेकांना ढकलून फुटले. कंपनीनं माल घेतला नाही. बी असलेलं द्राक्ष बाजारातही कुणी घेईना. जे घड वाचले त्यांचे मामींनी अंगणात बेदाणे घातले आणि सगळ्या नातेवाइकांना डबे भरभरून पाठवले. वर्षभर आमच्या घरी शिरा खाताना मध्येच कट्टकन बी लागायची आणि सुनंदा म्हणायची, "मामाची आठवण आली." जर्मनचा मग मामींनी उचलून न्हाणीघरात ठेवला. "आता माणसांच्या अंघोळीला वापरा."

पुढची वर्षं मामांनी शहाण्यासारखी काढली. अंघोळ नाही, जास्तीचं खत नाही. पण काळ्या जमिनीला अर्धपोटी हा शब्दच ठाऊक नव्हता. त्यांनी कमी दिलं तरी ती वाढायचीच थांबेना. वेल माजले, पानं परातीएवढी झाली. माल मात्र कंपनी घेऊ लागली. कुणालाही वाटलं असतं की झालं, बसली घडी. मामांना एक वेगळंच लागलं होतं.

"तिथं मोठी टाकी असती," ते मला म्हणाले. "धा गावची द्राक्षं एकात. त्यात माझी कोनची? जत्रेत पोर हरवल्यावानी वाटतं बघा."

त्यांनी मॅडमच्या मागे लागून आपल्या बागेची थोडी वाइन वेगळी करवून घेतली. उन्हाळ्याच्या तोंडाला एका रविवारी मॅडम ती घेऊन आल्या. कोरी बाटली, त्यावर चिठ्ठी नाही, काही नाही. आम्हीही नेमके गेलेलो. मामांच्या गळ्यात माळ, त्यामुळे त्यांना ती जिभेला लावायची नव्हती. पण कशी झालीय ते तर समजायला हवं. त्यांनी ओट्यावर जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"जावई, तुमचं काम तपासणीचंच हाय. सांगा बघून."

"माझ्या घरातला पेला नाय मिळायचा," मामी आतून म्हणाल्या.

शेवटी मॅडमच्या थर्मासचं झाकण मिळालं. मी एक घोट घेतला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आतून मामीसुद्धा. मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी फळांची, फुलांची, मधाची नावं घेतली असती. माझ्याजवळ त्यातलं काहीच नव्हतं. मी जीभ फिरवली, आठवून आठवून पाहिलं, आणि थेट सटाण्याच्या घरामागच्या विहिरीपाशी जाऊन पोचलो.

"जरा... मचूळ लागतेय," मी म्हणालो आणि झाकण खाली ठेवलं.

आमच्याकडे भर उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, झरे थांबतात, पाणी हलत नाही. प्यायला पाणीच, पण घशाखाली उतरताना त्यात काही जीव नसतो. खारट नाही, कडू नाही, वाईटही नाही. फक्त मचूळ.

मॅडमनी मान खाली घातली. त्यांना ते आधीच माहीत होतं, एवढं माझ्याही ध्यानात आलं. मामांनी तो शब्द सावकाश उच्चारला. "मचूळ." जणू वाइन नाही तर निदान शब्द तरी ते जिभेवर घेऊन बघत होते. मग म्हणाले, "बरं," आणि माझ्यासाठी ताक मागवलं.

परतीच्या वाटेवर स्कूटरवर मागून सुनंदा म्हणाली, "तुम्हाला 'छान' म्हणता आलं नाही?"

"तपासणीत छान म्हणून चालत नाही. पास नाहीतर नापास."

"तो रिव्हेट नव्हता. माझा मामा होता."



पंधरा दिवसांनी मामींचा फोन आला. "या जावईबापू बघायला. तुमच्या एका शब्दावर बाग निघाली."

मी धावत गेलो. नदीकाठच्या बागेच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता, साखळदंड जमिनीवर पडलेला, ड्रायव्हर बांधावर विडी ओढत बसलेला. आणि मामा आत, ओळीत, एकेका वेलाची छाटणी करत होते. रीतसर. चुकीची काडी काढायची, काडीवरचे फुटव्याचे डोळे मोजायचे, कात्री लावायची, पुढच्या वेलाकडे जायचं. असं त्यांचं दोन दिवस चाललं होतं.

"मामा, उपटायचीच आहे ना? मग छाटताय कशाला?"

त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "माणूस गेल्यावर आपण अंघोळ घालतोच की."

मी तिथंच उभा राहिलो. दुपार झाली, ऊन कलतीकडे गेलं, कात्रीचा कट-कट आवाज दूर दूर जात राहिला, आणि मग शेवटच्या ओळीच्या टोकाला थांबला. त्यानंतर साखळदंड लागला. मुळं जमिनीतून निघताना जाड कापड फाटावं तसा आवाज येतो. मामा पाठीमागे हात धरून प्रत्येक वेलाच्या वेळी उभे होते.

"एका शब्दावर बाग उपटली यांनी," मामी माझ्यापुढे चहा आदळत म्हणाल्या. "माझ्या शब्दावर तीस वर्षांत परसातली शेवग्याची फांदी तोडली नाय."

मी मामांना गाठून म्हणालो, "अहो, मला त्यातलं काही कळत नाही. मी आपलं तोंडाला येईल ते बोललो."

"कळत नाय म्हणूनच इचारलं," ते म्हणाले. "कळणारा माणूस मला बरं वाटंल असं बोलला असता. मला सांगा, तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ कशानं व्हतं?"

"हलत नाही म्हणून. बसून राहतं."

"तेच. माझं झाड बसून व्हतं. खायला समोर, प्यायला समोर, हातपाय हलवायची गरज नाय. आता त्याला चालवतो जरा."

घरामागे चढावर एक माळ होता. नुसता मुरूम आणि दगड, मेंढ्यासुद्धा नाइलाजानं फिरकायच्या. मामांनी ठरवलं की बाग आता तिथं. गावात हसू झालं. दगू दगड पेरतोय म्हणाले. खड्डे खणायला पेठकडचा किसन दरवर्षीप्रमाणे आला होता. डोंगरातल्या खडकाळ उतारावर नाचणी पिकवत वाढलेला माणूस, पण त्यानंही पहार टेकवून मान हलवली. "मामा, इथं नागली पन नाय यायची."

"माझं नावच दगडू हाय किसन. मी दगडात नाय लावणार तर कुठं लावू?"

आता द्राक्षाचं असं असतं की आज लावलं आणि उद्या खाल्लं, असा प्रकार नाही. आधी जंगली खुंट लावायचे, ते जगवायचे. दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांच्यावर चांगल्या जातीचं कलम बांधायचं. मग वेल वर चढवायचा, हात पसरू द्यायचे, आणि त्यानंतर कुठं पहिला धरण्याजोगा माल. मामा साठी ओलांडून बरेच पुढे आले होते. माळ फळला नाही तर तिसऱ्यांदा लावण्याइतकं वय त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं, मामींना ठाऊक होतं, आणि मला तर झोपेतसुद्धा ठाऊक होतं. जामिनावर सुटलेला माणूस चौकीवर हजेरी लावायला जातो तसा मी दर महिन्याला माळावर जाऊ लागलो. पहिल्या उन्हाळ्यात बरेच खुंट वाळले. मी मनातल्या मनात त्यांची गणती करायचो आणि जेवताना मामींच्या नजरेला नजर द्यायचं टाळायचो. त्या पुरणपोळीवर तुपाची धार धरत म्हणायच्या, "खा. शब्द जपून वापरा, तूप सढळ हातानं घ्या."

मामा मात्र शांत झाले होते. आधी बागेत सतत काही ना काही करणारा माणूस आता नुसता बसून असायचा. थंडीच्या दिवसांत सकाळी कादवेवरून धुकं उठून माळाच्या पायथ्यापर्यंत यायचं आणि तिथंच थांबायचं. वर माळ उघडा. खाली गाव नाही, नदी नाही, रस्ता नाही, नुसतं पांढरं. त्या पांढऱ्याच्या काठावर एका दगडावर मामा बसलेले, घोंगडी पांघरून. एकदा मी शेजारी जाऊन बसलो. ते हळूच म्हणाले, "आवाज येतो का?"

"कसला?"

"मूळ दगडात शिरतंय."

मी कान दिला. मला माझ्याच पोटातला आवाज आला, कारण नाश्ता व्हायचा होता. पण खोटं कशाला बोलू, थोडा वेळ तसंच बसल्यावर मलाही काहीतरी ऐकू येतंय असं वाटायला लागलं. फार बारीक, फार खोल. धुकं विरलं आणि ते थांबलं.

कलमं लागली. वेल चढले. काटक, बारीक पानांचे. नदीकाठच्या बहिणींच्या मानानं अगदीच किडकिडीत. आणि मग पहिला माल धरायच्या वर्षी मामांची खरी परीक्षा सुरू झाली. मणी मऊ पडून त्यात पाणी उतरायला लागलं की वाइनच्या बागेचं पाणी तोडत आणायचं, असं मॅडमनी बजावलं होतं. दुपारी वेल माना टाकायचे. आणि मामांना ते बघवायचं नाही. हात पाठीमागे धरून धरून त्यांची बोटं पांढरी पडायची.

शेवटी त्यांनी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली मामींच्या हातात दिली. "मी मागाया आलो तरी देऊ नको. काय वाट्टेल ते बोललो तरी."

मामींनी ती पदराला बांधली. रोज दुपारी तीनच्या सुमाराला मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. मी एकदा प्रत्यक्ष पाहिलं.

"अगं, पाचच मिन्टं."

"नाय."

"तिसऱ्या वळीतली लय वाळली. तेवढीच."

"नाय म्हणलं ना."

"तुला काळीजच नाय."

"नव्हतं, म्हणून तर नांदले," मामी भाकरी थापत म्हणाल्या. मग ते गेल्यावर माझ्याकडे वळून, "काय करावं सांगा. दुसऱ्यांचे नवरे बाटली मागतात, माझा पाणी मागतो."

पण त्यांचाही हात भाकरीवर थांबला होता. खिडकीतून माळ दिसायचा.

तोडणी झाली. घड मुठीएवढे, मणी हरभऱ्याहून जरासे मोठे. बाजारात नेले असते तर लोक म्हणाले असते, आजारी होते का? मॅडमनी एक मणी तोंडात टाकला, बी चावून पाहिली, आणि सगळा माल वेगळ्या टाकीत घालायला नेला. त्यानंतर दोन महिने गेले. मामांनी किल्ली परत मागितली नाही. झाडांना जगण्यापुरतं पाणी किसनच्या हातून मिळत होतं, मामींच्या देखरेखीखाली. मामा म्हणायचे, "निकाल लागू दे."

निकालाच्या दिवशी आम्ही दोघं सकाळीच गेलो. "काय शे, जावई?" झालं. "बरं शे" झालं. दुपारी मॅडम आल्या. हातात तशीच कोरी बाटली. "अजून कच्ची आहे, टाकीतलीच," त्या म्हणाल्या, पण त्यांचे डोळे काहीतरी लपवत होते. थर्मास त्या आणायला विसरल्या होत्या. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत उभे. मी ओंजळ पुढे करावी की काय, या विचारात होतो.

तेवढ्यात मामी आतून आल्या. हातात पितळेचं फुलपात्र. घासून लखलखीत. देवाच्या पुढ्यातलं नव्हे, पण त्याच्या शेजारच्या फळीवरचं. त्यांनी ते ओट्यावर ठेवलं आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "माळावरच्या पोरींनी लय सोसलंय. झाकणात नको."

मॅडमनी बाटली ओतली. फिकट रंग, वाळल्या गवतासारखा. मामा समोर उकिडवे बसले. मी फुलपात्र उचललं. चार-पाच वर्षं मी या क्षणाची तयारी केली होती. वाचनालयात जाऊन परदेशी मासिकांतून शब्द गोळा केले होते, एका वहीत लिहून पाठ केले होते. एक घोट घेतला.

त्यातला एकही शब्द आला नाही.

जिभेवर आधी काहीतरी टोकदार आलं, मग ते पसरलं, मग गेलं असं वाटलं तर नव्हतंच गेलं. माळावरची ती धुक्याची सकाळ, ती शांतता, असं काहीतरी. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. सुनंदा डोळ्यांनी मला सांगत होती की आता तरी छान म्हणा. मी शब्द शोधत होतो, आणि शोधता शोधता, माझ्या नकळत, फुलपात्र पुन्हा तोंडाला लावलं.

मामा उठले.

"ऱ्हाऊ द्या जावई. बोलू नका."

"नाही मामा, सांगतो ना, एक मिनिट..."

"मागच्या टायमाला एक घोट घेऊन झाकण खाली ठिवलं व्हतं तुम्ही." त्यांनी फुलपात्राकडे बोट केलं. "आज कुणी न सांगता दुसरा घेतला."

मग त्यांनी माझ्या हातातलं फुलपात्र घेतलं. क्षणभर आम्हाला वाटलं की आता हे गळ्यातली माळ काढून ठेवणार. पण त्यांनी ते नुसतं नाकाजवळ नेलं. डोळे मिटले. वासाला माळ आडवी येत नाही, असं बहुतेक त्यांनी देवाशी परस्पर ठरवून टाकलं असावं. किती वेळ तसे उभे होते कुणास ठाऊक. ओट्यावर ऊन सरकत होतं.

"काय येतंय, मामा?" मॅडमनी हळूच विचारलं.

"पाणी," मामा म्हणाले.

मॅडमचा चेहरा उतरला. मामांनी डोळे उघडले नाहीत.

"मी दिलं नाय ते."

फुलपात्र त्यांनी माझ्या हातात परत दिलं. जाताना माझं मनगट अंगठा आणि बोटात धरलं, लग्नात धरलं होतं तसंच, जरासं वाकवून पाहिलं. ते मामींसमोर जाऊन उभे राहिले आणि तळहात पुढे केला.

"आता दे."

मामींनी पदराची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती. त्यांनी ती शेवटी दातांनी सोडवली.

दगूमामा पुढच्या हंगामाच्या आतच गेले. फोन आला तेव्हा मी कामावर होतो. पण मला आठवतात ते निकालाच्या दिवशी संध्याकाळचे. आम्ही निघालो, मी स्कूटर चालू केली, सुनंदा मागे बसली. वळणावर मान वळवून पाहिलं. उन्हं कलली होती, माळ पिवळा झाला होता. विहिरीवर मोटार चालू झाल्याचा घूं-घूं आवाज येत होता. तिसऱ्या ओळीत मामा उकिडवे बसले होते, टोपी काढून बाजूला ठेवलेली. ठिबकच्या नळीतून पाणी येण्याआधी थोडी हवा येते, फुसफुस करत. ते ती ऐकत होते. दोन्ही हात मोकळे होते, ओंजळ करून बुंध्याशी धरलेले, पहिल्या थेंबाखाली.